जलाशयाच्या आडोशातली हिरवळ : उथळ पाण्यातल्या वनस्पतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एवढा मोठा जलाशय, मग हिरवळ नेमकी त्याच एका कोपऱ्यात का?

जलाशय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांपुढे आणा. नदी आत शिरते तिथे पाणी उथळ असतं, पण गढूळ; प्रकाश तळापर्यंत पोचतच नाही. धरणाच्या भिंतीकडे येईतो गाळ बसून पाणी निवळतं, पण तिथे खोली भरपूर, काठ तीव्र उताराचे आणि वाऱ्याला रान मोकळं. या दोन टोकांच्या मधे, डावी-उजवीकडे, जुने ओढे-नाले बुडून तयार झालेले फाटे असतात. तिथे उतार सौम्य असतो, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, लाटा फिरकत नाहीत आणि तळाला बारीक गाळाचा मऊ थर असतो. वनस्पतीला हवं ते सगळं एकाच ठिकाणी मिळतं. त्यामुळे ती तिथे का आली, यापेक्षा इतरत्र का नाही हे विचारलं तर उत्तर लवकर सापडतं.

आडोसा आहे की नाही हे ठरवायचं कसं?

काठावर उभं राहून नेहमीचा वारा येतो त्या दिशेला तोंड करा. समोर उघडं पाणी किती लांबवर पसरलंय ते बघा. वाऱ्याला धावायला जेवढं अंतर, तेवढी लाट मोठी. लाटेचा हेलकावा पाण्याखाली तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत जाणवतो. दोन शिखरांमधलं अंतर चार मीटर असेल, तर दोन मीटर खोलीवरचा गाळही ढवळला जातो. अशा जागी कोवळी मुळं तग धरत नाहीत आणि बारीक गाळही टिकत नाही, खाली उरते वाळू नि गोटे.

उलट टोकाचा आडोसाही फारसा बरा नाही. जिथे कुजकं पान-पाचोळ्याचं लोणचं वर्षानुवर्षं साचलंय, तो चिखल इतका पातळ आणि प्राणवायूविना इतका नासलेला असतो की मुळांना धरायला काही मिळत नाही. काही बंदिस्त कोपरे रिकामे दिसतात ते यामुळे.

किती खोलीपर्यंत वनस्पती उगवू शकतात?

हा हिशेब प्रकाशाचा आहे. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पांढरी थाळी दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते टिपलं. आजही तेच चालतं, फक्त थाळी आता वीस सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांची असते. मुळं रोवून वाढणाऱ्या बुडीत वनस्पती साधारणपणे थाळी दिसेनाशी होते त्या खोलीच्या दीड-दोन पटींपर्यंत आढळतात. हायड्रिला मात्र पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या जेमतेम एक टक्क्यावर भागवते, म्हणून इतरांनी सोडून दिलेल्या खोलीतही ती दिसते.

खोली एवढंच बघून चालत नाही. पाणी दोन मीटर खोल असलं तरी काठ सरळ कोसळत असेल, तर हिरवळीचा पट्टा चिंधीएवढा राहतो. तीच खोली सौम्य उतारावर शे-दोनशे मीटर पसरली, की सगळा फाटा हिरवा होतो. उतार तीव्र असला की गाळही घसरून खाली जातो, हे वेगळंच.

हे सगळं शेवाळच ना?

नाही. बोलीत पाण्यातल्या कुठल्याही हिरव्या गोष्टीला आपण शेवाळ म्हणतो, आणि पुढचे बरेच गोंधळ इथूनच सुरू होतात. ढोबळ वर्गवारी अशी करता येईल. काठाला पाय पाण्यात आणि डोकं हवेत असलेल्या पाणकणीस, देवनळ, लव्हाळे. त्यांच्या पुढे तळाशी कंद आणि वर तरंगती पानं असलेली कमळ-कुमुदाची मंडळी. त्यापुढे पूर्ण बुडालेल्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम. आणि कशालाच न बांधलेल्या, वारा नेईल तिकडे जाणाऱ्या जलपर्णी, गोंडाळ, साल्व्हिनिया, अझोला, लेम्ना.

खरं शेवाळ वेगळं. पाणी हिरव्या रंगासारखं दिसायला लावणारे सूक्ष्म जीव, दगडावरची निसरडी बुळबुळ, तारांसारखे गुंते हे त्यातले. एक प्रकार मात्र भल्याभल्यांना चकवतो, तो म्हणजे कारा. खोडासारखं खोड, पेरापेरांवर फांद्यांची चक्रं, सगळं झाडासारखं. पण ते शेवाळच. बोटांत चुरगाळलं तर चुन्याच्या पुटामुळे खरखरीत लागतं आणि लसणीसारखा उग्र वास येतो. एकदा हुंगलं की पुन्हा ओळख विसरत नाही.

हायड्रिला आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वनस्पती कशा ओळखायच्या?

एक फांदी पांढऱ्या ताटलीत पाणी घालून पसरा, कारण हातात ती नुसती हिरवी लगदी दिसते. पेराभोवती पानं मोजा. हायड्रिलाला बहुधा पाच असतात, कधी चार, कधी आठही. पानाच्या कडेवरून नख ओढलं तर दाते जाणवतात, मागच्या मधल्या शिरेवरही बारीक काटे असू शकतात. एलोडियाला बहुतेक पेरांवर तीनच पानं आणि कडा मऊ. एजेरियाची पानं मोठी, चक्रात चार-पाच, पण दाते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शंका राहिली तर मुळाशी चिखल चाळा. वाटाण्यापेक्षा लहान, पिवळसर पांढरे कंद सापडले तर हायड्रिलाच.

सेराटोफायलमला मुळंच नसतात. तिचा शेंडा मांजराच्या शेपटीसारखा दाट, पानं दुभागलेली नि टोचरी. युट्रिक्युलॅरियाच्या जाळीदार पानांत मोहरीएवढ्या फुग्या दिसतात. त्या फुग्या म्हणजे सापळे आहेत. दाराजवळच्या केसाला पाणपिसूचा धक्का लागला, की एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात फुगी पाण्यासकट तिला आत ओढून घेते. माळरानावर फुलणारी सीतेची आसवं याच घराण्यातली.

पाण्यात खतं, सांडपाणी येतं म्हणूनच हे माजतं ना? ते थांबवलं तर जाईल का?

तरंगणाऱ्या वनस्पतींबाबत हे बरंचसं खरं आहे. जलपर्णीची मुळं पाण्यातच लोंबतात, तिचं खाणं पाण्यातूनच येतं. सांडपाणी तोडलं की तिची वाढ मंदावते.

मुळं रोवणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्या फॉस्फरस मुख्यतः तळाच्या गाळातून घेतात, आणि आडोशाच्या फाट्यात तो गाळ कित्येक वर्षांचा साठा घेऊन बसलेला असतो. वरून येणारी खतं उद्या थांबली तरी त्यांना लगेच कळणारही नाही. उलट खतं थांबल्यावर पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ कमी होतं, पाणी निवळतं, प्रकाश आणखी खोल जातो आणि बुडीत वनस्पती वाढतात. पाणी सुधारलं आणि गवत वाढलं, म्हणून तक्रारी सुरू होतात. त्या तक्रारी करणाऱ्यांचा राग समजू शकतो, पण ही बिघाडाची खूण नव्हे. उथळ पाण्याला दोन स्थिर अवस्था असतात, एक स्वच्छ आणि वनस्पतींची, दुसरी गढूळ-हिरवी आणि सूक्ष्म शेवाळाची. वनस्पतीविरहित आणि तरीही काचेसारखं, अशी तिसरी अवस्था सुपीक उथळ पाण्यात सहसा टिकत नाही.

नवा जलाशय भरला की पहिली काही वर्षं वनस्पती एवढ्या का माजतात?

बुडालेली माती, पालापाचोळा, झाडं कुजून त्यांच्यातली पोषकद्रव्यं एकदम पाण्यात उतरतात म्हणून. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाने डिसेंबर १९५८ मध्ये पाणी अडवलं. साल्व्हिनिया नावाची तरंगती नेचे-वनस्पती तिथे पसरली आणि १९६२ पर्यंत तिने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकलं, म्हणजे जलाशयाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. यात बुडालेल्या झाडांचा मोठा हात होता. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या फांद्यांनी वारा अडवला आणि हिरवे तराफे धरून ठेवले. आडोसा नैसर्गिक फाट्यांतच असतो असं नाही, उघड्या पाण्यातही तो असा तयार होतो. पुढे साठलेली पोषकद्रव्यं संपत आली, झाडं कुजून कोसळली, लाटांना वाट मिळाली आणि तराफे आक्रसत गेले. उरले ते बहुतांश आडोशाच्या फाट्यांतच.

पाण्याची पातळी खाली-वर होते त्याचा काय परिणाम?

तळ्यात आणि जलाशयात खरा फरक इथेच पडतो. तळ्याची पातळी थोडीफार हलते. जलाशयातलं पाणी सिंचनाला, विजेला, पुराला जागा करायला कित्येक मीटर उतरवलं जातं आणि पुन्हा चढतं. काठावर जो उघडा, मळकट पट्टा दिसतो तो याचाच. तिथे बुडीत वनस्पती वाळतात आणि काठावरच्या बुडून मरतात. दोघींनाही तो पट्टा धड मिळत नाही. ज्या जलाशयात चढउतार मोठा, तिथे हिरवळ कमीच असते.

म्हणून पातळी मुद्दाम उतरवून गवत मारायची युक्ती जुनी आहे. ती कधी लागू पडते? तळ खरोखर कोरडा पडून भेगाळला किंवा थंड प्रदेशात चांगला गोठला, तर कुमुदाचे कंद, मायरियोफायलम या बुडीत वनस्पतीची मुळं मरतात. पण चिखल ओला राहिला तर फुकट मेहनत. हायड्रिलाचे कंद गाळात काही वर्षं झोपून राहू शकतात, वरचा पाला वाळला तरी ते जिवंतच. नाजास नावाची वर्षायू वनस्पती बियांवर जगते; स्पर्धक मेले की तिचं फावतं आणि पुढच्या हंगामात ती दुप्पट दिसते. पाणकणसाचं बीही उघड्या ओल्या चिखलावरच उत्तम रुजतं. एका हंगामात पातळी उतरवली आणि काठाला नवीन पाणकणीस उभं राहिलं, असं वारंवार होतं. शिवाय माशांची अंडी उघडी पडतात ते निराळंच. कुठली वनस्पती आहे हे न ओळखता पाणी उतरवणं हा मला तरी जुगार वाटतो.

पहाटे मासे वर येऊन तोंड का वासतात?

दाट हिरवळीत दिवसा प्राणवायू भरपूर तयार होतो. स्वच्छ उन्हात तुटलेल्या देठातून बुडबुड्यांची माळ निघताना दिसते. रात्री मात्र ह्याच वनस्पती, चिखलातले जिवाणू आणि मासे, सगळे प्राणवायू वापरतात, तयार कोणीच करत नाही. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्यात प्राणवायू मुळातच लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो. पाणी गरम, वारा पडलेला आणि वरून तरंगत्या वनस्पतींचं झाकण, अशी तिन्ही कारणं एकत्र आली की आडोशातले मासे अडचणीत येतात.

दुपारी उलट टोक गाठलं जातं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वनस्पती ओढून घेतात, म्हणून सामू (पीएच) ९ च्या वर, कधी १० पर्यंतही जातो. अशा पाण्यात अमोनिया माशांना जास्त बाधतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, त्यामुळे काही वनस्पती बायकार्बोनेट वापरायला शिकल्या आहेत. त्यातूनच त्यांच्या पानांवर चुन्याचं पांढरं पूट धरतं.

वनस्पती मुळात वाईटच आहेत का?

नाही. छोट्या माशांना लपायला जागा, पाणपक्ष्यांना खाणं, काठाला लाटांपासून संरक्षण, तरंगणाऱ्या गाळाला खाली बसायला वेळ, एवढं काम त्या फुकट करतात. माशांसाठी मध्यम दाटी उत्तम असते. अगदी उघडं पाणी असेल तर पिल्लं खाऊन टाकली जातात, आणि भिंतीसारखी दाटी असेल तर मोठ्या माशांना शिकारच मिळत नाही, मग सगळे बारके राहतात.

आरोग्याला धोका?

असू शकतो, आणि तो वनस्पतींपेक्षा त्यांच्या आश्रयाला येणाऱ्यांचा असतो. मॅन्सोनिया डासांच्या अळ्या श्वासासाठी पृष्ठभागावर येतच नाहीत. गोंडाळ, जलपर्णी यांच्या मुळांना नळी खुपसून आतली हवा घेतात. हे डास हत्तीरोगाचे जंतू पसरवू शकतात. घानातल्या व्होल्टा जलाशयात, १९६५ मध्ये धरण पूर्ण झाल्यावर, काठच्या सेराटोफायलमवर बुलिनस गोगलगायी वाढल्या आणि मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस, म्हणजे या गोगलगायींमार्फत पसरणारा कृमिरोग, लहान मुलांत फोफावला. मुलं पोहायला आणि बाया पाणी भरायला शांत, आडोशाच्या जागाच निवडतात. गोगलगायींनाही नेमक्या त्याच हव्या असतात.

सगळ्यात विचित्र प्रकरण गरुडांचं. १९९४-९५ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या आर्कान्सामधल्या डीग्रे जलाशयावर टकले गरुड झोकांड्या खाऊन मरू लागले. हायड्रिलाच्या पानांवर वाढणारं एक नीलहरित शेवाळ पाणकोंबड्या पाल्याबरोबर खात आणि गरुड त्यांना खात. त्या शेवाळातलं विष २०२१ मध्ये ओळखता आलं. ते तयार व्हायला पाण्यात ब्रोमाइड लागतं.

कापून किंवा उपटून काढलं तर?

जलपर्णी काढणं कष्टाचं असलं तरी सरळ काम आहे. तिच्या वजनातला ९० टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतो, म्हणजे ट्रकभर माल वाळल्यावर हातगाडीभर होतो. काढलेला ढीग काठालाच ठेवू नका. पाणी चढलं की तो पुन्हा तरंगायला लागतो. आणि बिया चिखलात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून एकदा साफ केलं की काम संपलं असं होत नाही.

हायड्रिला किंवा मायरियोफायलम कापायला जाल तर सावध. एक-दोन पेरांचा तुकडाही रुजतो. कापणी यंत्र फाट्यात घुसलं आणि सुटलेले तुकडे गोळा करणारी जाळी नसली, तर तुम्ही लागवडच करत आहात. लहान जागा, पोहण्याचा घाट किंवा नाव लावायची जागा असेल, तर तळावर जाड चटई अंथरून प्रकाश तोडणं जास्त खात्रीचं.

गवत्या मासा सोडला तर?

गवत्याला (ग्रास कार्प) हायड्रिला मनापासून आवडते. अडचण प्रमाणाची आहे, आणि सोडल्यावर परत पकडता येत नाही ही. टेक्सासमधल्या लेक कॉनरो या जलाशयात १९८१-८२ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार गवते सोडले. १९८३ च्या शरद ऋतूपर्यंत बुडीत वनस्पतींचा मागमूस राहिला नाही. मग पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढलं. वर सांगितलेली दुसरी, गढूळ-हिरवी अवस्था ती हीच. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी वांझ, तीन गुणसूत्र-संचांचे गवते थोड्या संख्येने सोडतात आणि वर्षभर वाट बघतात.

कीटकांनी खरंच काम होतं?

झालंय. ऑस्ट्रेलियातल्या लेक मूनडारा जलाशयात साल्व्हिनियाने सुमारे २०० हेक्टर पाणी झाकलं होतं, अंदाजे १८,००० टन. १९८० मध्ये दोन मिलिमीटरचा एक सोंडकिडा सोडला आणि ऑगस्ट १९८१ पर्यंत ते जवळपास संपलं.

या यशामागे नावाचा घोळ आहे. ही वनस्पती आधी साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजली जात होती, आणि शत्रूकीटकही तिच्याच मुलखात शोधले गेले. करिबावर काम करणाऱ्या मिचेल यांनी १९७२ मध्ये ती वेगळी जात असल्याचं दाखवून साल्व्हिनिया मोलेस्टा असं नाव दिलं. तिचा मूळ प्रदेश, आग्नेय ब्राझील, सापडला १९७८ मध्ये, आणि तिथला सोंडकिडा लागू पडला. तोही आधी दुसऱ्याच जातीचा समजला गेला होता, त्याला स्वतःचं नाव १९८५ मध्ये मिळालं.

तणनाशकं?

पिण्याच्या पाण्यात स्थानिक परवानगीशिवाय विचारही करू नका. बाकी दोनच गोष्टी. डायक्वाट चिकणमातीला चिकटून निकामी होतं, म्हणून गढूळ पाण्यात ते वाया जातं. फ्लुरिडोनला किमान ४५ दिवस संपर्क लागतो, त्यामुळे पाणी वाहतं राहिलं तर उपयोग नाही. शिवाय फ्लोरिडात त्याला दाद न देणारी हायड्रिला सापडली आहे. आणि सगळा फाटा एकाच दिवशी मारू नका. कुजणारा पाला प्राणवायू खाऊन मासे मारतो.

जलपर्णीमुळे पाणी वाफ होऊन जास्त उडतं का?

बहुधा हो, पानं वाऱ्यात उभी असतात म्हणून. पण सांगितले जाणारे मोठे आकडे जपून घ्या. बरेचसे लहान टाक्यांतले आहेत, आणि तिथे कडेच्या पानांना चारही बाजूंनी वारा लागतो. सलग तराफ्याच्या मध्यभागी तसं होत नाही.

चिखलात प्राणवायू नसताना कुमुदाचे कंद जगतात कसे?

पानांतून हवा खाली ढकलून. पिवळ्या कुमुदिनीच्या कोवळ्या पानांत ऊन लागल्यावर दाब तयार होतो, हवा देठातून कंदापर्यंत उतरते आणि जुन्या पानांमधून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा जाते असं मोजलं गेलंय. परतीच्या वाटेवर चिखलातला मिथेनही बाहेर येतो.

आमच्या फाट्यात काय आहे हे मोजायचं तर सुरुवात कुठून?

दोन दाताळ्यांची डोकी पाठीला पाठ लावून बांधा, दहा मीटर दोर बांधा. काठाशी काटकोनात जाणारी एक रेषा ठरवा आणि नावेतून अर्ध्या-अर्ध्या मीटर खोलीवर थांबून दाताळं टाका, तळाला टेकू द्या, हळू ओढा. दात किती भरले ते शून्य ते तीन अशा खुणांनी लिहा, कुठल्या वनस्पती आल्या ते लिहा, चिखलाचा पोत बोटाने बघा, खोली आणि थाळीचं माप लिहा. पाण्याची त्या दिवशीची पातळी न विसरता टिपा. ती नसेल तर पुढच्या वर्षीच्या खोलीशी तुलनाच होत नाही. वाढ जोरात असते तेव्हा एकदा आणि ती ओसरल्यावर एकदा, एवढं पुरे. रिकामं आलेलं दाताळंही नोंदवा.

आणि दुसऱ्या फाट्यात जाण्याआधी दात, दोर, नावेचा तळ आणि नांगर धुऊन घ्या. नांगराच्या साखळीच्या कड्यांत तुकडे अडकतात, तिथे कोणी बघत नाही.